समुद्रातला कोटा कोणाचा?

(दिल्ली परिसरातील मराठी रेल्वे व डाक कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या एका सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर मासेमारीचा विषय पाहून दोघा-तिघांनी मला सकाळीच विचारले, "सचिवसाहेब, खाजगीकरण, नवी पेन्शन, रिक्त जागा हे प्रश्न डोक्यावर असताना मासळीचे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी देतो.

दिल्लीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपल्याला मासळी दिसते ती गाझीपूरच्या बाजारात, बर्फाच्या पेटीतली. पण त्या समुद्राची वाटणी होते ती इथे, दिल्लीत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्य सरकारच्या अखत्यारीत आणि तिथून २०० मैलांपर्यंतचे केंद्राच्या. या हद्दी १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने ठरल्या. म्हणजे आपण ज्या कृषी भवनासमोरून बसने जातो, तिथल्या फायलीवर मालवणच्या आणि सातपाटीच्या माणसाची भाकरी ठरते. आपल्यातले कितीतरी जण पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून इथे नोकरीला आले. कोणाचा भाऊ होडीवर आहे, कोणाचा मेहुणा बंदरावर. तेव्हा हा विषय परका नाही.

दुसरे कारण असे. हा प्रश्न वाटणीचा आहे. जे आहे ते थोडे आहे, मागणारे पुष्कळ आहेत, मग कोणाला किती? बोनसपासून पगारश्रेणीपर्यंत आपली युनियन दुसरे काय करते? ८ मे १९७४ ला रेल्वे थांबली तेव्हा मागण्यांमध्ये बोनसची मागणी होती. बोनस म्हणजे उत्पन्नातला वाटाच. म्हणून वाटणीचा न्याय कशाला म्हणायचे हे आपल्याला कळलेच पाहिजे, मग तो वाटा रुपयांचा असो की बांगड्यांचा.

कोटा म्हणजे काय

कोटा हा शब्द रेल्वेवाल्याला शिकवावा लागत नाही. जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ. त्यांत महिलांचा कोटा, ज्येष्ठांचा कोटा, मधल्या स्टेशनांचा कोटा, मुख्यालयाचा कोटा आणि १९९७ पासून तत्काळ. उरले ते सर्वसाधारण रांगेत उभे राहिलेल्याला. आपण खिडकीवर बसलेली माणसे. आपल्याला ठाऊक आहे की भांडण बर्थच्या संख्येवरून कमी होते आणि कोटा कोणी ठरवला, कोणाला न विचारता ठरवला, यावरून जास्त होते.

समुद्रात मात्र एक फरक आहे. गाडीत आज जास्त माणसे कोंबली म्हणून उद्या डबा लहान होत नाही. समुद्राचे तसे नाही. अंड्यावर आलेली मादी आणि बोटाएवढे पिल्लू आज ओढून काढले, तर पुढच्या वर्षी बर्थच कमी होतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१८ मध्ये सुमारे २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली आणि २०१९ मध्ये २ लाख १ हजार टन. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळे झाली हे खरे, पण सगळा दोष वादळावर ढकलता येत नाही. म्हणून समुद्राच्या वाटणीत दोन प्रश्न एकदम सोडवावे लागतात. आज कोणाला किती द्यायचे आणि उद्यासाठी किती शिल्लक ठेवायचे.

काही देशांत प्रत्येक जातीच्या मासळीचे वजन ठरवून वाटतात. आपल्याकडे एका जाळ्यात वीस जातींची मासळी येते, त्यामुळे तसा वजनाचा कोटा नाही. आपला कोटा वेगळ्या रूपात असतो. कोणी किती वाव पाण्यात जाळे टाकायचे, कोणत्या महिन्यांत टाकायचे, जाळ्याची आस केवढी ठेवायची, किती नौकांना परवाने द्यायचे. पावसाळ्यातली ६१ दिवसांची बंदी हा कोटाच आहे. ५४ जातींची किती लहान मासळी पकडू नये हे महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठरवले, तोही कोटाच. फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही.

वाळूवरचा वाटा

कोणी म्हणेल, गरीब अडाणी मच्छिमारांना वाटणीचे नियम काय कळणार? त्यांनी सिंधुदुर्गातली रापण पाहावी. होडीतून जाळे अर्धगोल सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि पन्नास-साठ माणसांनी मिळून ते ओढायचे. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. येता-जाता दोराला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. मला त्यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. वाटा कमी-जास्त असेल, पण तो उघड्या वाळूवर पडतो, बंद खोलीत पडत नाही.

ट्रॉलर आले आणि ही वाळू रिकामी होऊ लागली. गोव्यात रापणकारांनी १९७० च्या दशकात मतानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले. त्यांची मागणी एवढीच होती की किनाऱ्याजवळचे पाणी होडीवाल्याला सोडा, यंत्रवाल्याने पुढे जावे. १९७८ मध्ये देशभरच्या लहान मच्छिमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्या दबावातून केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये कायदे केले, तर महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. ठरावीक खोलीच्या आत यांत्रिक नौकेने ट्रॉलिंग करू नये, हे तत्त्व त्यातून कायद्यात आले. कोणा मंत्र्याने ते मेहेरबानी म्हणून दिलेले नाही.

भाड्याचे जहाज

किनाऱ्याजवळ हे चालू असताना खोल पाण्यात वेगळाच वाटेकरी शिरला. १९८० च्या दशकात भारतीय कंपन्यांना परदेशी जहाजे भाड्याने आणून मासेमारी करण्याची परवानगी मिळाली. नाव आपल्या कंपनीचे. जहाज, यंत्र आणि खलाशी परदेशी. १९९१ च्या नव्या धोरणात संयुक्त उद्योग, लीज आणि चाचणी मासेमारी अशी आणखी दारे उघडली. खोल समुद्रातली मासळी वाया जाते, आपल्याकडे तेवढी मोठी जहाजे नाहीत, हे त्याचे समर्थन होते.

मच्छिमारांनी ते मानले नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये त्यांनी देशव्यापी बंद पाळला. फादर थॉमस कोचेरी १९९५ मध्ये पोरबंदरला उपोषणाला बसले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. समितीने १९९६ मध्ये २१ शिफारशी केल्या. संयुक्त, भाड्याच्या आणि लीजच्या जहाजांचे परवाने रद्द करावेत ही त्यातली मुख्य. १९९७ मध्ये सरकारने शिफारशी तत्त्वतः स्वीकारल्या. या लढ्यात एक गोष्ट घडली ती लक्षात ठेवा. एरवी एकमेकांची जाळी कापणारे होडीवाले आणि ट्रॉलरवाले भाड्याच्या जहाजाविरुद्ध एकत्र उभे राहिले.

पण दार एकदा बंद केले म्हणून कडी लागतेच असे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये खोल समुद्रातील जहाजांसाठी परवानगीपत्राची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. पुन्हा विरोध झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खोल समुद्रासाठी नवे नियम जाहीर केले. त्यांत परदेशी जहाजांना जागा नाही, सहकारी संस्थांना व मच्छिमारांच्या उत्पादक संघटनांना अग्रक्रम आहे, यांत्रिक नौकांना प्रवेशपत्र घ्यावे लागते आणि लहान पारंपरिक नौकांना त्यातून सूट आहे. कागदावर हे चांगले आहे. आपण स्वागत करू. पण सहकाराचा फलक लावून आत कोणाचे भांडवल बसते हे आपण साखर कारखान्यांपासून पतपेढ्यांपर्यंत पाहिले आहे. म्हणून स्वागत करताना डोळे उघडे ठेवायचे.

पर्सनेटचा वाद आणि त्याची दुसरी बाजू

आज कोकणात सर्वांत तीव्र भांडण पर्सनेटचे आहे. पर्सनेट थव्याला वेढा घालते आणि बटव्याची दोरी ओढावी तसे खालून बंद होते. बांगडा, तारली यांचा अख्खा थवा एका फेरीत उचलला जातो. किनाऱ्यावर गिलनेट लावून बसलेल्याला मग पाणीच मिळते. सरकारने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्सनेटचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले. दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून दंड हजारांतून लाखांत नेला.

मग भांडण का मिटले नाही? कारण नियम झाला, पण नियम पाळला जातो की नाही हे पाहणारा समुद्रात पुरेसा नाही. विनातिकीट प्रवास गुन्हा आहे असे फलकावर लिहिले आणि टीसीच गाडीवर दिला नाही, तर तिकीट काढणारा मूर्ख ठरतो. किनाऱ्यावर आज तेच झाले आहे. गस्ती नौका थोड्या, समुद्र मोठा. शेजारच्या राज्यातून वेगवान ट्रॉलर येतात आणि निघून जातात. मग मच्छिमार स्वतः पाठलाग करतो, हाणामारी होते आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होतो.

आता दुसरी बाजू. पर्सनेटवालाही म्हणतो, मी कर्ज काढून नौका बांधली, त्या वेळी सरकारनेच यांत्रिकीकरणाला उत्तेजन दिले, आता मीच गुन्हेगार कसा? हे म्हणणे फेकून देण्यासारखे नाही. काल ज्याला प्रगती म्हणून अनुदान दिले त्याला आज हटवायचे असेल, तर हटवण्याचा खर्चही समाजाने उचलला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात असाच मधला रस्ता अंतरिम आदेशात घेतला. १२ मैलांच्या पुढे, आठवड्यातून दोनच दिवस आणि दिवसाउजेडी पर्सनेट चालवा. सगळ्यांचे समाधान झाले नाही, पण दोघांचेही ऐकून घेतले गेले.

अमेरिकेची गोष्ट

पैसा आणि यंत्रणा असलेल्या देशात तरी हे सुटले आहे का? अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. तिथे आपल्या तांबोशीच्या जातकुळीतला रेड स्नॅपर मिळतो. त्याचे मागणारे तीन. पोटासाठी पकडणारे व्यावसायिक मच्छिमार, हौस म्हणून स्वतःच्या बोटीने गळ टाकायला जाणारे आणि हौशी गिऱ्हाइकांना भाड्याने समुद्रात नेणारे बोटवाले. एकूण मासळीतले ५१ टक्के व्यावसायिकांना आणि ४९ टक्के हौशींना असा कोटा ठरला. हौशींच्या वाट्यातून २०१५ मध्ये भाड्याच्या बोटींना ४२.३ टक्के वेगळे काढून दिले. दशांश चिन्हापर्यंत हिशेब! तरी भांडण न्यायालयात गेलेच. हौशी माणसे इतकी की २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या ताब्यातील पाण्यात त्यांचा हंगाम आधी फक्त तीन दिवसांचा ठरला. मग ओरड झाली आणि तो वाढवला गेला.

यातला एक धडा आपल्या कामाचा आहे. २००७ पासून तिथल्या व्यावसायिकांचा कोटा माणसामाणसांच्या नावावर करून दिला आणि तो विकायची, भाड्याने द्यायची मुभा ठेवली. त्यामुळे नौकांची जीवघेणी शर्यत कमी झाली, मासळीलाही फायदा झाला. हे मान्य करू. पण कोटा नावावर असलेला घरी बसून भाडे घेऊ लागला आणि समुद्रात जाणारा त्याला खंड देऊ लागला. आपल्या आजोबांनी जमिनीच्या बाबतीत जी खोती पाहिली, ती पाण्यावर आली. उद्या आपल्याकडे कोणी कोटा विकण्या-विकत घेण्याची योजना आणली, तर कोकणातल्या माणसाने ही गोष्ट आठवावी.

हौशी वाटेकरी आपल्याकडे आज लहान आहे. पण मालवण-तारकर्लीला पर्यटन वाढते आहे. पर्यटक येणार, बोटी फिरणार. मच्छिमाराच्या घरालाही त्यातून उत्पन्न मिळते, म्हणून त्याला विरोध नको. पण हौस आणि पोट एकाच पाण्यात उतरले, तर पोटाला आधी जागा हे आत्ताच लिहून ठेवले पाहिजे.

ज्यांचे नाव यादीतच नाही

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आतापर्यंत मी होडीवाला, ट्रॉलरवाला, पर्सनेटवाला अशी नावे घेतली. हे सगळे नौकेचे मालक आहेत. नौकेवर राबणारा खलाशी कुठे आहे? रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात जा. मोठ्या नौकांवर नेपाळचे, उत्तर प्रदेशचे, कर्नाटकचे खलाशी आहेत. परवाने ४९४ चे १८२ झाले, तर मालकाचा प्रश्न मांडायला संघटना आहे, वकील आहे. त्या खलाशाला कोण विचारतो? बंदीच्या दोन महिन्यांत तो काय खातो?

आणि मासळी विकणारी कोळीण? मुंबईच्या लोकलमध्ये मालडब्यात टोपल्या घेऊन उभी असलेली बाई आपण रेल्वेवाल्यांनी रोज पाहिली आहे. डिझेलचा परतावा नौकेला मिळतो. टोपलीला काय मिळते? मासळी कमी झाली की पहिला फटका तिला बसतो, आणि वाटणीच्या बैठकीत तिला खुर्ची नसते.

डाक खात्यातल्या बंधूंना हे समजावून सांगायला नको. खेड्यापाड्यांत टपाल पोचवणारा ग्रामीण डाक सेवक, पूर्वीचा ईडी. वेतन आयोग नेमला की तो आयोगाच्या कक्षेबाहेर. त्याच्यासाठी वेगळी समिती, कधी न्यायमूर्ती तलवार, कधी कमलेश चंद्र. काम सर्वांच्या बरोबरीचे, पण वाटणीच्या यादीत नाव वेगळ्या पानावर. रेल्वेत कंत्राटी सफाईवाल्याची आणि पार्सल हमालाची तीच गत. जो मोजला जात नाही त्याला उरलेसुरलेच मिळते. हा नियम जमिनीवर आहे तसाच पाण्यातही आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. वाटणी न्याय्य आहे की नाही हे टक्केवारीवरून ओळखता येत नाही. तीन गोष्टी विचारा. बैठकीला कोण होते? ठरलेले पाळले जाते का? आणि सर्वांत कमी पल्ला ज्याचा, त्याला पहिला घास मिळतो का? ज्याच्या नौकेला इंजिन आहे तो दूर जाऊ शकतो. वल्ह्याच्या होडीला दुसरा समुद्र नाही. आज देशात उतरणाऱ्या सागरी मासळीत चार-पंचमांशाच्या आसपास वाटा यांत्रिक नौकांचा आहे आणि बिनइंजिनाच्या होड्यांच्या हाती शंभरात एखाद-दुसरा टक्का येतो. या आकड्यांपुढे किनाऱ्याजवळचे पाणी राखून मागणे ही भीक नव्हे.

या अभ्यासवर्गाने पुढील ठराव करून फेडरेशनकडे पाठवावा, असे मी सुचवतो.

एक, किनाऱ्याजवळचे राखीव पाणी लहान मच्छिमारांसाठीच राहावे आणि त्यासाठी गस्ती नौका व कर्मचारी यांची भरती व्हावी. ही कायम पदे असावीत, कंत्राटी नकोत.

दोन, डब्यावर आरक्षणाचा चार्ट चिकटवायची आपली जुनी पद्धत होती. तसा प्रत्येक बंदरावर परवानाधारक नौकांचा, दंडाचा आणि वसुलीचा तक्ता लावावा. वाळूवरचा हिशेब पुन्हा वाळूवर आणावा.

तीन, नौका कमी करायच्या असतील तर नुकसानभरपाईत खलाशाचा वाटा आधी ठरवावा. मासेमारीतील कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००७ चा करार क्रमांक १८८ आपल्या देशाने स्वीकारावा.

चार, केंद्राच्या आणि राज्याच्या प्रत्येक मत्स्य समितीत लहान मच्छिमार, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. आणि मासेमारीचा हक्क खरेदी-विक्रीचा माल होऊ नये.

शेवटी आपण दिल्लीकर काय करू शकतो? पुष्कळ. किनाऱ्यावरची शिष्टमंडळे निवेदने घेऊन इथे येतात. त्यांना हिंदी धड येत नाही, कोणत्या दालनात कोण बसते हे माहीत नसते, रात्री उतरायला जागा नसते. आपल्याला या शहरातले दरवाजे माहीत आहेत. आपल्या शाखांनी त्यांची दोन दिवसांची सोय करावी, निवेदन हिंदी-इंग्रजीत करून द्यावे, आणि मंत्रालयाच्या दारापर्यंत दोन माणसे बरोबर द्यावीत. यासाठी निधी लागत नाही, यादी लागते. अभ्यासवर्ग संपल्यावर ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी कार्यालयीन चिटणीसांकडे द्यावे. वही टेबलावर ठेवली आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!